सोमवारी उपसलेला माळा

सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते. पहिल्या दिवशी ती कुणाच्या तरी गळ्यात पडली की काल्यापर्यंत ती माणसाच्याच अंगावर राहते. एकाचे पाय भरून आले की दुसरा उठतो, वीणेला हात लावून कपाळाला लावतो, देणाऱ्याच्या पाया पडतो आणि ती आपल्या गळ्यात घेतो. रहिमतपुरात मारुतीच्या देवळात दर श्रावणात असा सप्ताह बसायचा, आणि विजयमाला लग्न होऊन आल्यापासून त्यातलं एकही कीर्तन चुकवत नव्हती. सकाळी भाकरी थापताना आदल्या दिवसाची चाल तिच्या हातात उतरायची. परातीवर ठेका धरला जायचा आणि भाकरी जरा जाडच राहायची. तेव्हा घर आवरायचा खेळ तिला वीणेवरून सुचला, यात नवल काही नव्हतं.

घर आवरणं भाग होतं. गौरी-गणपती तोंडावर आले होते आणि सणाला म्हणून येणारी नणंद, सांगलीला दिलेली बनाबाई, बाळंतपण होईपर्यंत इथंच राहणार होती. लग्नाला बरीच वर्षं होऊन तिला आता दिवस राहिले होते. तिच्यासाठी माजघरामागची खोली मोकळी करायची, तर त्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती, आणि वरच्या माळ्यावर मांजरालासुद्धा अंग चोरून जावं लागत होतं. दुष्काळाच्या सालात दोरीचा तुकडाही कामाला आला होता. दुष्काळ सरून दोन-तीन पावसाळे झाले तरी सासूबाई, मनुबाई, दोरीचा तुकडा टाकू देत नव्हत्या. विजयमालानं दोनदा आवराआवर काढून पाहिली होती. सकाळी अंगणात मांडलेलं सामान दिवेलागणीपर्यंत एकेक करून परत आत आलं होतं.

"ऱ्हाऊ दे गं, लागतंय कवातरी," मनुबाई म्हणायच्या. त्या ओरडायच्या नाहीत, भांडायच्या नाहीत. नुसतं म्हणायच्या आणि उचलून आत न्यायच्या.

म्हणून या खेपेला विजयमालानं सोमवार धरला.

"सोमवारच का?" नवऱ्यानं, नाथाजीनं विचारलं.

"शालीची श्रावणी सोमवारची अर्धी शाळा. अर्जुनभावजींची रजा गौरीपतोरच हाय. सगळी एकदम घावायची कवा?"

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. पण श्रावणातल्या सोमवारी मनुबाईंचं मौन असायचं. सकाळी अंघोळ झाली की तोंड बंद, ते संध्याकाळी महादेवाला जाऊन उपास सोडेपर्यंत. मीठ हवं तर बोट दाखवायच्या, हवं-नको मानेनं सांगायच्या, बाकी दिवसभर हातात माळ. ही गोष्ट विजयमालानं नवऱ्याला सांगितली नाही, कारण तीही सगळ्यांना ठाऊकच होती. आणि बाजारात हाजराबी बोहारीण भेटली तेव्हा तिला सांगून ठेवलं, "सोमवारी दुपारनं ये आमच्या आळीला. उशीर करू नको."

सोमवारी जेवणं आटोपल्यावर सगळे माजघरात गोल करून बसले. नाथाजी, सैन्यातून रजेवर आलेला धाकटा दीर अर्जुना, थाळी आणि उलथनं घेतलेली लेक शालन, आणि भिंतीशी पाटावर मनुबाई. विजयमालानं पदर खोचला, बुवांसारखी उभी राहिली आणि नियम सांगितला. माळ्यावरून जी वस्तू येईल ती वीणा. वीणा खाली ठेवायची नाही. जिच्या-ज्याच्या हातात ती असेल त्यानं तिचं आख्यान लावायचं, ही वस्तू घरात का राहावी ते तोंडानं सांगायचं. पटलं तर सगळ्यांनी म्हणायचं, 'राहू दे, राहू दे.' नाही पटलं तर 'जाऊ दे, जाऊ दे.' आणि आख्यान लावायला कुणीच नसेल तर वस्तू फिरत फिरत दारात जायची.

"बुवा झाल्या वहिनी," अर्जुना म्हणाला. "आता दक्षिणा मागतील."

पहिले आले ते त्याचेच जुने बूट. त्यानं ते छातीशी धरले. "ह्या बुटांनी बरफ बघितलाय. तुमी नुसता ऐकलाय. डोंगरावर सुभेदारसाब म्हणाले, अर्जुना, आदमी गया तो चलेगा, बूट नहीं जाने चाहिए."

"बरफ बघूनच तळ वितळलेत का रं त्यांचे?" नाथाजी बुटाच्या भोकातून बोट घालत म्हणाला.

"जाऊ दे, जाऊ दे," शालननं थाळी बडवली आणि बूट दारात गेले.

मग नाथाजीची छत्री आली. काड्या होत्या, कापड निम्मं होतं.

"हिच्याखालनं मी हिला बघाय गेलतो," तो गंभीर तोंडानं म्हणाला.

"तवा तरी कापड हुतं का दादा?" अर्जुनानं विचारलं.

"तवाबी एवढंच हुतं. चिंब होऊन दारात हुबा राहिलो. सासरा म्हणाला, पोरगं गरीब दिसतंय, नाय म्हणू नका."

विजयमालाला हसू आवरेना. तिनंच पहिल्यांदा 'राहू दे' म्हटलं आणि ठेका धरला. शालननं आपली फुटकी पाटी स्वतःच 'जाऊ दे' म्हणून पुढं सरकवली, आणि आपण किती मोठ्या झालो म्हणून सगळ्यांकडं बघितलं. खिडकीतून शेजारच्या बायका डोकावल्या, एक-दोघी आत येऊन बसल्याही. बिनदांड्याची कढई, गंजलेला कंदील, सायकलची सीट, तीन पायांचा पाट. ज्या कामाला या घरात दरवर्षी तोंडं वाकडी व्हायची त्याच कामाला सगळं घर गात होतं. मनुबाईसुद्धा हसत होत्या. त्यांच्या हातात गळकी चरवी आली तेव्हा त्यांनी ती उलटी करून भोकातून शालनकडं बघितलं आणि आपल्या हातानं पुढं दिली.

मग अर्जुनानं माळ्यावरून एक गाठोडं खाली टाकलं. जुन्या धोतराच्या तुकड्यात बांधलेल्या चिंध्या. डोक्याएवढं, मऊ, वर घट्ट गाठ.

ते नाथाजीकडून शालनकडं गेलं, कुणाला त्याचं काही सांगता आलं नाही, आणि ते मनुबाईंच्या मांडीवर आलं. तिथं ते थांबलं. मनुबाईंच्या हातातली माळ थांबली नाही, पण दुसरा हात गाठोड्यावर पसरला, गाठीवर गेला आणि गाठीवरच राहिला. त्यांनी मान वर केली आणि सुनेकडं बघितलं.

विजयमालाला कळलं. काय ते कळलं नाही, पण हे जायचं नाही एवढं कळलं. तिनं दाराकडं बघितलं. हाजराबी टोपली उतरवून अंगणात बसली होती.

"आईची वीणा अडली," अर्जुना म्हणाला.

"आख्यान न्हाई तर वस्तू न्हाई, आत्याबाई," विजयमाला हसत म्हणाली. "नियम म्हंजे नियम. देवळात काय, घरात काय."

सगळे हसले. मनुबाईंनी आणखी थोडा वेळ तिच्याकडं बघितलं. मग दोन्ही हातांनी गाठोडं उचललं आणि पुढं दिलं. शालननं थाळी वाजवली. जाऊ दे, जाऊ दे.

जुन्या कपड्यांच्या ढिगावर हाजराबीनं एक स्टीलचं पातेलं दिलं. घरातलं पहिलं स्टीलचं. मनुबाई देवळातून परत येऊन उपास सोडून बोलायला लागल्या तेव्हा हाजराबी वेशीबाहेर गेलेली होती.

"आत्याबाई, खोली बघितली का?" विजयमालानं ताट वाढताना विचारलं.

"बघितली. लय चांगली झाली," मनुबाई म्हणाल्या. "वारं याय लागलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच पातेल्यात आमटी केली. तिसऱ्या दिवशी भात. लखलखतं म्हणाल्या, हलकं हाय म्हणाल्या, खाली लागत न्हाई म्हणाल्या. गाठोड्याचा शब्द काढला नाही. विजयमाला त्यांच्या तोंडाकडं बघत राहायची. त्या रागावल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. तिनं दोनदा विषय काढायचा म्हणून तोंड उघडलं आणि दोनदा 'मीठ बघता का' असं काहीतरी विचारून मिटलं. सोमवार मुद्दाम धरला हे सांगायचं, तर गाठोड्याआधी ते सांगावं लागणार होतं. शेजारणी येऊन खोली बघून जात होत्या. "तुमच्यासारखं आमच्यातबी करा की वो एकदा," असं म्हणत होत्या. तिला वाटायचं, जावं आणि त्यांच्या तोंडावर हात ठेवावा.

सप्ताहातल्या कीर्तनाला त्या दोघी नेहमीसारख्या शेजारी बसल्या. बुवा निरूपणातून जरा बाजूला सरून वीणेकऱ्याकडं वळले आणि म्हणाले, "वीणा घेणाऱ्याला फार बघावं लागत नाही, मंडळी. बघावं लागतं ते देणाऱ्याला. समोरच्याचे हात मोकळे आहेत का? तो मनानं उठलाय, का चारचौघांच्या भिडेनं उठलाय? नुसती गळ्यातून काढून दिली म्हणजे सेवा झाली नाही." एवढं बोलून ते पुन्हा कथेत शिरले, टाळ वाजले, माणसं डोलायला लागली. विजयमालाला पुढची कथा ऐकू आली नाही. शेजारी मनुबाई टाळ्या वाजवत होत्या. त्यांचे ते हात तिला बघवेनात. देवळात बसून देवाकडं बघायचंही धाडस होईना, म्हणून ती खांबाकडं बघत राहिली.

सकाळी ती हाजराबीच्या घरी गेली. हाजराबी दारात पातेली घासत होती.

"ते गाठोडं? आगं, ते तर आमच्या ह्यांनी सांगलीला नेलं," ती म्हणाली. "ते समदा माल तिथल्या जुन्या कापडाच्या दुकानातच घालत्यात. का गं, काय ऱ्हायलं हुतं का त्यात? दागिना?"

"न्हाई. चिंध्याच हुत्या."

"मग चिंध्यांमागं एवढी का धावतीस?" हाजराबीनं तिच्याकडं नीट बघितलं आणि पातेलं खाली ठेवलं. "म्हातारीचं हुतं व्हय? तरी मी म्हणते. तिनं त्या दिशी दारातनं माझ्या टोपलीकडं बघितलं, तसं कुणी चिंध्यांकडं बघत न्हाई."

दुकानाचा पत्ता घेऊन विजयमाला घरी आली. बनाबाईला भाजणी देऊन येते म्हणाली. मनुबाईंनी स्वतः धान्य भाजून दिलं, दळून आणलं, डबा गच्च भरला. "तिला म्हणावं, गाडीत दमानं ये. मधी खड्डं लय हायत," एवढं सांगून त्यांनी सुनेच्या हातात डबा दिला.

कराडला गाडी बदलून ती सांगलीला उतरली आणि आधी दुकानात गेली. गणपती पेठेच्या मागच्या बोळात ते होतं. आत जुन्या कपड्यांचे डोंगर, वर बसलेला एक म्हातारा, चष्म्याला दोरा.

"चिंध्या व्हय? त्या ठेवत न्हाई मी, बाई. धडसं कापड तेवढं इथं. चिंध्या इंजनं दुरुस्त करणारी न्हेत्यात, तेल पुसाय. त्या दिशीच गेल्या." मग तिचा चेहरा बघून तो खाली उतरला. "थांबा. कोपऱ्यात थोड्या ऱ्हायल्यात. तुमच्या कसल्या रंगाच्या हुत्या?"

विजयमालानं कोपऱ्याकडं बघितलं.

"सुती हुत्या का? फुलाच्या? एखादं काठाचं कापड?"

तिला सांगता येईना. तिनं गाठ सोडून बघितलंच नव्हतं. म्हातारा कोपऱ्यातल्या चिंध्या एकेक करून तिच्यासमोर धरत होता, ही का, ही का म्हणत होता, आणि ती प्रत्येकीकडं बघून मान हलवत होती, कधी हो, कधी नाही, तिलाच कळत नव्हतं. शेवटी ती काहीच न घेता बाहेर पडली.

बनाबाईच्या खोलीत ती घोटभर चहा घेऊन निघणार होती. बनाबाई सोडेना. पोटावर हात ठेवून ती सावकाश खाली बसली, भाजणीचा वास घेतला आणि डोळे मिटले.

"आईच्या हाताची हाय. तुमी न्हाई भाजली."

"न्हाई. त्यांनीच भाजली."

"वहिनी, खरं सांगा. आईनं लेकराला निजवाय वाकळ शिवाय घेतली का?"

"कसली वाकळ?"

बनाबाई हसली. "म्हंजे तुमालाबी सांगितलं न्हाई. आईच्या माहेरची रीतच तशी हाय. पयल्या लेकराच्या वाकळंचं कापड बोलून गोळा करायचं न्हाई, दिठ लागती म्हणत्यात. तिनं मलाबी सांगितलं नव्हतं. पण मागं आले तवा माळ्यावर गाठोडं बघितलं, गाठ सोडली आणि ओळखलं. माझा परकर हुता त्यात, शाळंतला. दादाचा सदरा. शालीचं झबलं. तुमची ती हळदीतली हिरवी चोळी, उसवली म्हणून तुमी टाकली न्हवती का, ती हुती. आणि आबांचा गुलाबी फेटा."

मामांचा, सासरे लालासाहेबांचा, फेटा. विजयमालानं त्यांना एकच पावसाळा बघितलं होतं. कीर्तनाच्या दिवशी ते तोच फेटा बांधून देवळाच्या दारात उभे राहायचे आणि येणाऱ्याला बुक्का लावायचे. म्हाताऱ्यानं समोर धरलेल्या चिंध्यांत गुलाबी काही नव्हतं.

"त्यांचं दुसरं काय ऱ्हायलंच न्हाई घरात," बनाबाई म्हणाली. "समदं दहाव्याला देऊन टाकलं. फेटा तेवढा आईनं मागं ठेवला. तो मधोमध लावणार, दुसरं काय. म्हंजे लेकरू आज्याच्या मांडीवर निजल्यागत." मग तिनं विचारलं, "तुमी चहा का घेत न्हाई?"

विजयमालानं चहा घेतला. गाडी चुकेल म्हणाली. दारात बनाबाईनं तिच्या हातात लिंबाच्या लोणच्याची बरणी ठेवली, आणि ती बरणी मांडीवर धरून ती कराडपर्यंत आली. त्या खोलीत बसून सांगता आलं असतं. पोटुशी बाई, धक्का बसेल, असं तिनं स्वतःला समजावलं होतं. गाडीत तिला कळलं की ही तीच सबब आहे, अर्ध्या शाळेसारखी. खरी आणि तरी खोटी.

गौरी यायच्या आधी घरातल्या वाकळा धुवायची रीत. उघडीप बघून दोघी सासू-सुना ओढ्यावर गेल्या. भिजलेली वाकळ एकट्याला पिळता येत नाही. एकीनं एक टोक धरायचं, दुसरीनं दुसरं, आणि उलट्या अंगाला पीळ द्यायचा. पाणी मधून गळत राहतं आणि दोघींना एकमेकींच्या तोंडाकडं बघत उभं राहावं लागतं.

"आत्याबाई," विजयमाला म्हणाली, "सोमवार मी मुद्दाम धरला हुता."

मनुबाई पीळ देत राहिल्या.

"तुमचं मौन असतंय म्हणून. तुमी बोलला असता तर काय टाकाय मिळालं नसतं. हाजराबीलाबी मीच बोलावली, तुमचा उपास सुटायच्या आधी. आणि गाठोड्यावर तुमचा हात थांबला तो मला दिसला. दिसला आणि मी नियम सांगितला." तिनं पीळ आवळला. "मी सांगलीला भाजणी द्याय गेले न्हवते. गाठोडं हुडकाय गेलते. ते गेलं. मामांचा फेटाबी गेला. इंजनं पुसाय."

ओढ्याचं पाणी वाहत होतं. मनुबाईंनी आपलं टोक सोडलं नाही.

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या.

"काय?"

"सोमवारचं. हाजराबी बाजारातनं जाताना मला भेटली हुती. म्हणाली, तुमच्या सुनंनं उद्या दुपारचं बोलावलंय. मी तवाच वळखलं."

"मग तुमी गाठोडं आधीच काढून का न्हाई ठेवलं?"

"ठेवणार हुते. मग म्हणलं, बघू. कुठवर जातीया बघू." मनुबाई खालच्या पाण्याकडं बघायला लागल्या. "माझ्या मांडीवर आलं तवा मी मान हलवली असती, तर तू वढून घेतलं असतंस का?"

"न्हाई."

"व्हय ना. मीठ मागाय मी बोट दाखवते. मग मान हलवाय काय झालं हुतं मला? हलवली न्हाई. हातात जप चालला हुता आणि मनात म्हणत हुते, घे. घे तुझ्या माथ्यावर. उद्या कळंल तुला." त्यांनी हातातल्या वाकळेकडं बघितलं. "माझ्या लेकीच्या लेकराचं कापड, आणि मी ते तुला खाली बघाय लावायसाठी देऊन टाकलं. तोंड तेवढं बंद हुतं. आत लय बोलत हुते मी. कसलं गं ते मौन?"

विजयमालानं आपलं टोक घट्ट धरलं. तिला वाटलं होतं, सांगून टाकलं की आपलं ओझं उतरेल. ते उतरलं नाही. आता ते दोघींच्या मधे होतं, भिजलेलं, जड, आणि दोघींनाही सोडता येत नव्हतं.

"बोलत का न्हवता मग इतकं दीस?" तिनं विचारलं.

"काय बोलू? तुला बोलाय गेले की माझंबी निघालं असतं." मनुबाईंनी वाकळेला शेवटचा पीळ दिला. "बनीला सांगाय पायजे. ती आल्यावर पयलं वाकळच इचारंल."

"मी सांगते."

"तुझं तू सांग. माझं मी सांगीन."

बनाबाई आली तेव्हा सगळं घर दारात होतं. तिला ओवाळलं, भाकरतुकडा उतरला, आणि अर्जुनानं तिची पेटी नव्या खोलीत नेऊन ठेवली. ती खोली बघून बनाबाई उंबऱ्यातच थांबली. "आगं बया," ती म्हणाली, "हितं आता निजता येतंय. माळाबी रिकामा? आईनं टाकू दिलं?"

अर्जुना बूट घालून अंगणात निघाला होता, नाथाजीनं त्याला दंडाला धरून थांबवलं. ओढ्यावरचं बोलणं नाथाजीला विजयमालानं सांगितलं होतं.

विजयमालानं उभ्याउभ्याच सांगितलं. खेळ सांगितला, सोमवार सांगितला, हाजराबी, गाठोडं, म्हाताऱ्याचं दुकान. सांगलीला तुझ्यासमोर बसून चहा पिऊन आले आणि बोलले नाही, हेही सांगितलं. ती थांबल्यावर मनुबाईंनी आपलं सांगितलं. त्यांचं थोडक्यात होतं, पण त्यांना जास्त वेळ लागला.

बनाबाई भिंतीला टेकून ऐकत होती. तिनं पोटावरचा हात काढला नाही.

"आबांचं दुसरं काय न्हाई?" तिनं एकदा विचारलं.

"न्हाई," नाथाजी म्हणाला.

ती आत गेली आणि दार लोटून घेतलं. दुपारचं जेवायला आली नाही. मनुबाई दाराशी दोनदा गेल्या आणि परत आल्या. घरात मोठ्यानं कुणी बोललं नाही. शालन चुलीपाशी येऊन आईला विचारू लागली, "मी थाळी वाजवली म्हणून आत्या रडतीया का?" विजयमालानं तिला जवळ ओढलं आणि म्हणाली, "न्हाई गं. तुझ्या थाळीचा काय दोष न्हाई." पण शालनचा चेहरा बघून तिला आणखी एक गोष्ट कळली. त्या खेळात तिनं सगळ्या घराला आपल्या ठेक्यावर नाचवलं होतं, आणि आता प्रत्येकाला त्यातला आपला वाटा शोधावा लागत होता.

उन्हं कलल्यावर बनाबाई बाहेर आली. डोळे सुजले होते. ती विजयमालासमोर येऊन बसली आणि तिच्या पदराचं टोक बोटांत धरून चोळून बघितलं.

"किती दिसाचं लुगडं हाय?"

"जुनं हाय. मऊ झालंय."

"द्या मग. दादाचं एखादं धोतर घ्या, अर्जुनाचा सदरा घ्या. शालीचं न्हानपणचं काय असंल ते बघा. आईचं घ्या. लेकराला नवं कापड चालत न्हाई." ती आईकडं बघत नव्हती. "आणि वाकळ तुमी शिवायची, वहिनी. मी टाका घालणार न्हाई. आईनंबी घालायचा न्हाई."

"बनाबाई, मला बारीक टाका जमत न्हाई."

"जमंल."

शिवणं गौरीनंतर सुरू झालं. दुपारी सगळ्यांची कामं झाली की विजयमाला माजघरात वाकळ पसरायची. सुई बोटात जायची, टाका वाकडा पडायचा, उसवायची, परत घालायची. मनुबाई शेजारी माळ घेऊन बसायच्या. सुईत दोरा ओवून द्यायच्या, पण वाकळेला हात लावायच्या नाहीत. तेवढं त्यांनी पाळलं. पहिले काही दिवस तिघी बोलत नसत. मग एके दुपारी विजयमालाच्या तोंडून नकळत कीर्तनातली चाल निघाली आणि ती दचकून थांबली.

"म्हणा की," बनाबाई आडवी पडल्या-पडल्या म्हणाली. "पोटातलं हलाय लागलं हुतं."

सगळे तुकडे लावून झाले आणि मधली चौकट राहिली. विजयमालानं विचारलं, "इथं काय लावू?"

मनुबाईंनी आपल्या लेकीकडं बघितलं. बनाबाईनं हात लांब करून त्या रिकाम्या जागेवरून फिरवला. खाली नुसतं अस्तर होतं, पांढरं, कुणाचंच नसलेलं.

"काय न्हाई," ती म्हणाली. "तिथं आबा हुते. नुसतंच ऱ्हाऊ द्या."

विजयमालानं त्या चौकटीच्या चारी अंगानं टाके घातले आणि मधे काही लावलं नाही.

बनाबाईला मुलगी झाली. बाराव्या दिवशी पाळण्यात वाकळ घातली. नाव ठेवायला आळीतल्या बायका आल्या, शेजारणी आल्या, हाजराबीही आली. बाळाला बघायला वाकलेल्या पहिल्याच बाईचा हात वाकळेवरून फिरला आणि मधे थांबला.

"आगं, हितं तुकडा लावायचा ऱ्हायला काय?"

बनाबाई बाळाच्या कुंचीची नाडी बांधत राहिली. विजयमाला पानसुपारीचं तबक घेऊन उभी होती. तिनं ते खाली ठेवलं.

"ऱ्हायला न्हाई," ती म्हणाली. "तिथं लावायचा तुकडा मी घालवला." आणि तिनं सांगायला सुरुवात केली. सोमवारपासून.

त्यानंतरही पाळण्याशी जी येई ती विचारी, आणि जी विचारी तिला विजयमाला सांगे. दर वेळी सांगताना तिचे कान तापत. एकदा तरी हे सोपं होईल असं तिला वाटायचं, ते झालं नाही. मनुबाई बहुधा तिथंच असायच्या, माळ ओढत. सुनेचं सांगून होईपर्यंत त्या थांबायच्या. मग माळ मांडीवर ठेवायच्या आणि त्या बाईला म्हणायच्या, "बस जरा. निम्मं माझं ऱ्हायलंय."